आऱ्यांची संख्या आणि दुरुस्तीचे अंतर : हलक्या सायकलीच्या चाकाचा इतिहास व नंदुरबार जिल्ह्याचा संदर्भ

सारांश

सायकलीच्या चाकात किती आरे असावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियांत्रिकीचा वाटतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाकडे तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. बैलगाडीच्या बारा आऱ्यांपासून भारतीय साध्या सायकलीच्या ३२ व ४० आऱ्यांपर्यंत आणि तेथून शर्यतीच्या हलक्या चाकातील १८-२० आऱ्यांपर्यंतचा प्रवास तपासला असता असे दिसून येते की, आऱ्यांची संख्या धातू व वजन यांवर जितकी अवलंबून असते, तितकीच ‘एक आरा तुटला तर दुरुस्ती किती दूर आहे’ यावरही अवलंबून असते. तापीचे मैदान आणि सातपुड्याचा डोंगर अशा दोन भिन्न भूप्रदेशांत विभागलेल्या नंदुरबार जिल्ह्यासाठी या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व शेवटी मांडले आहे.

बीजसंज्ञा : आरा, ताणाचे चाक, रिम, हब, हलकी सायकल, आउट काढणे, नंदुरबार, सातपुडा.

१. प्रस्तावना

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांतील पश्चिम खानदेशचा हा वायव्येकडील प्रदेश होय. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या वाहतुकीचा विचार करताना तापी खोऱ्यातील लोहमार्ग, राज्य परिवहनाची बस आणि अलीकडची मोटारसायकल यांचा उल्लेख होतो. सायकलीचा उल्लेख मात्र बहुधा गरिबीचे लक्षण म्हणून, तोही एखाद्या वाक्यात, उरकला जातो. वास्तविक बाजाराला जाणारा शेतकरी, दूधवाला, पोस्टमन, शिक्षक आणि विद्यार्थी या सर्वांच्या पायाखालचे हे यंत्र होते, आणि शाळकरी मुलींच्या बाबतीत ते आजही आहे.

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रात सायकलीचे दुसरे रूपही रुजले. अरुंद टायरची, अनेक गिअरांची हलकी सायकल घेऊन दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या नियतकालिक फेऱ्या करणारे सायकलपटू नाशिक, पुणे, नागपूर येथे दिसू लागले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या यशानंतर लहान शहरांतील तरुणही हलक्या सायकलीकडे वळले. अशी सायकल विकत घेताना जे प्रश्न पुढे येतात, त्यांत चाकाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. चाकात आरे कमी असावेत, म्हणजे ते हलके होईल, असे सर्वसाधारण मत आहे. हे मत कोठून आले, ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते आणि आपल्या जिल्ह्यात ते कितपत लागू पडते, याचा शोध घेणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. सायकलीच्या तांत्रिक इतिहासातील सुस्थापित घटना आधारासाठी घेतल्या असून, वजन व फेऱ्यांसंबंधीचे आकडे साध्या गणिताने काढले आहेत.

२. लाकडी चाक : दाबावर उभे राहणारे आरे

महाराष्ट्रातील चाकाचा सर्वांत देखणा प्राचीन पुरावा आरे नसलेल्या चाकाचा आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्यमूर्तींचा जो साठा सापडला, त्यातील बैल जुंपलेल्या रथाची चाके भरीव आहेत. भरीव चाक मजबूत असते, परंतु जड असते. आऱ्यांचा शोध म्हणजे चाकातील अनावश्यक लाकूड काढून टाकण्याचा शोध होय. या अर्थाने चाक ‘हलके’ करण्याची धडपड सायकलीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

आऱ्यांच्या संख्येला भारतीय परंपरेत प्रतीकात्मक अर्थही लाभला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात कालचक्राला बारा आरे कल्पिले आहेत. सारनाथच्या धर्मचक्राचे चोवीस आरे २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाच्या स्वीकारासोबत सर्वांच्या परिचयाचे झाले. तेराव्या शतकातील कोणार्कच्या रथचक्रात आठ रुंद व आठ बारीक आरे आहेत. या संख्या कालगणनेशी आणि धर्मविचाराशी निगडित आहेत. सुताराच्या हातातील संख्येला मात्र वेगळे कारण होते.

बैलगाडीच्या चाकाचा परिघ लाकडाच्या वक्र तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्यात साधारणतः दोन आरे बसवितात. परिघाचे सहा तुकडे असतील तर आरे बारा होतात. आऱ्यांचे एक टोक परिघात आणि दुसरे तुंब्यात ठोकलेले असते. शेवटी तापवून फुगविलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाण्याने थंड केली की ती आकसते आणि सर्व सांधे आवळले जातात. या चाकात भार पेलण्याचे काम तुंब्याखालचा आरा करतो, आणि ते तो दाबाखाली, खांबासारखा उभा राहून करतो. म्हणून आरा जाड असावा लागतो. जाड आऱ्यांसाठी तुंब्यात जागा मर्यादित असल्याने त्यांची संख्याही मर्यादित राहते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एखादा आरा ढिला झाला तरी गाडी सहसा जागीच थांबत नाही. गावात सुतार आणि लोहार असतो. बाभळीचे लाकूड शिवारातच मिळते. चाकाची रचना आणि दुरुस्तीची व्यवस्था एकाच गावगाड्याचा भाग होती. सायकलीच्या चाकाचा विचार करताना हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडेल.

३. तारेचे चाक : ताणावर टिकणारे आरे

लाकडी आऱ्याच्या जागी ताणलेली तार वापरण्याची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या टिपणांत मांडली. ते उड्डाणयंत्राचा विचार करीत होते आणि त्यांना अत्यंत हलके चाक हवे होते. १८६९ मध्ये पॅरिसच्या युजेन मेयर यांनी तारेच्या आऱ्यांचे सायकलचे चाक प्रत्यक्षात आणले. १८७० मध्ये जेम्स स्टार्ली व विल्यम हिलमन यांनी कॉव्हेंट्री येथे ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल सिद्ध केली. १८७४ मध्ये स्टार्ली यांनी स्पर्शरेषीय आऱ्यांचे एकस्व घेतले. आज कोणत्याही साध्या सायकलीत एकमेकांना छेदणाऱ्या ज्या तारा आपण पाहतो, त्यांचा उगम येथे आहे.

तारा तिरप्या बसविण्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. मागच्या चाकाला पायडलचा जोर हबमार्फत मिळतो. तारा हबमधून सरळ बाहेर गेलेल्या असतील तर हब फिरते, परंतु रिम किंचित मागे राहते. तारा हबच्या कडेला स्पर्शून निघाल्या, तर त्यांतील निम्म्या ओढण्याचे काम करतात आणि निम्म्या उलट दिशेने तोल सांभाळतात. हबच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला दोन दिशा, म्हणून अशा चाकातील आऱ्यांची संख्या चारने भागली जाणारी असते. २८, ३२, ३६, ४० हे आकडे बाजारात पुन्हा पुन्हा भेटतात, ते यामुळे.

तारेच्या चाकात भार कसा पेलला जातो, याबद्दल बराच काळ गैरसमज होता. पातळ तार दाबाखाली उभी राहू शकत नाही, तेव्हा हब वरच्या तारांना लटकलेले असले पाहिजे, असे तर्काने वाटते. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायकलीच्या चाकावरील पुस्तकात याचे सविस्तर विवेचन केले. चाक तयार करतानाच प्रत्येक तारेत मोठा ताण भरलेला असतो; चांगल्या हलक्या चाकात तो तारेमागे शंभर किलोग्रॅम वजनाच्या जवळपास असतो. स्वार बसला की जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण कमी होतो आणि उरलेल्या तारांत फारसा बदल होत नाही. ताण कमी होणे हेच येथे भार पेलणे आहे. जोपर्यंत खालची तार पूर्ण सैल पडत नाही, तोपर्यंत चाक सुरक्षित असते.

या एका तत्त्वातून आऱ्यांच्या संख्येचा सर्व हिशेब निघतो. आरे अधिक असतील तर खालचा भार अधिक तारांत वाटला जातो आणि प्रत्येक तारेला कमी ताणही पुरतो. आरे कमी केले तर प्रत्येकातील ताण वाढवावा लागतो. तो ताण पेलण्यासाठी रिम अधिक जाड, खोल आणि ताठ करावी लागते. म्हणजे तारेतून वाचविलेल्या वजनाचा काही भाग रिममध्ये परत भरावा लागतो.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. २.१ मीटर परिघाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७६ वेळा फिरते. शाळा पाच किलोमीटरवर असेल आणि वर्षात दोनशे दिवस जाणे-येणे होत असेल, तर वर्षाला दोन हजार किलोमीटर आणि प्रत्येक तारेचे सुमारे साडेनऊ लाख हेलकावे होतात. तार बहुधा एका मोठ्या धक्क्याने तुटत नाही. ती अशा लाखो लहान हेलकाव्यांनी थकून, हबजवळच्या वाकणात तुटते. ताण नीट व सारखा असेल तर ती वर्षानुवर्षे टिकते. ढिली राहिली तर लवकर जाते.

४. बत्तीस आणि चाळीस : भारतीय साध्या सायकलीचे चाक

१८८५ च्या ‘रोव्हर’ सायकलीने आणि १८८८ च्या डनलॉपच्या हवेच्या टायरने आधुनिक सायकलीचा साचा ठरविला. त्यानंतर ब्रिटिश उत्पादकांनी पुढच्या चाकाला ३२ व मागच्या चाकाला ४० आरे ही पद्धत रूढ केली. फ्रान्समध्ये दोन्ही चाकांना ३६ आरे अशी पद्धत होती. दोन्हींची बेरीज ७२ च आहे. ब्रिटिश पद्धतीमागील विचार सरळ आहे : मागच्या चाकावर भार अधिक, आणि ओढण्याचे कामही त्याचेच.

ब्रिटिश राजवटीमुळे हीच पद्धत भारतात आली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथील सायकली मुख्यतः ब्रिटनमधून येत. पुढे मुंबईत वरळीची हिंद सायकल्स, १९४९ मध्ये मद्रासची टी. आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतची अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाची हिरो असे कारखाने उभे राहिले. २८ इंची चाक, पोलादी रिम, सळीचे ब्रेक आणि ३२-४० आरे हा साचा त्यांनी स्वीकारला व तो अनेक दशके टिकला. ब्रिटनमधील कारकुनाच्या कचेरीच्या प्रवासासाठी ठरलेले हे चाक भारतात दुधाचे कॅन, धान्याचे पोते, गॅसची टाकी आणि ‘डबल सीट’ वाहू लागले. ७२ आऱ्यांत मुळातच राखून ठेवलेली ताकद येथे कामी आली.

परंतु या चाकाची खरी ताकद त्याच्या दुरुस्तीच्या सोप्या व्यवस्थेत होती. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात सायकल दुरुस्तीचे एखादे दुकान असे. दुकानदार एका लांबीच्या तारांचा जुडगा, निपलांची डबी आणि एक चावी एवढ्यावर चाक उभे करी. नवीन रिममध्ये ‘तारा भरणे’ आणि वाकडे चाक सरळ करणे, म्हणजे ‘आउट काढणे’, ही त्या दुकानातील सर्वांत कसबाची कामे. सायकल उलटी करून चाक फिरवायचे, ब्रेकच्या रबराजवळ किंवा चिमट्याला टेकविलेल्या बोटाजवळ रिम कोठे घासते ते पाहायचे, तेथील एका बाजूची निपल पाव फेरा आवळायची आणि दुसऱ्या बाजूची तेवढीच सैल करायची. अनुभवी कारागीर तारा बोटाने छेडून त्यांच्या आवाजावरून ताण ओळखतो. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले.

चाळीस आऱ्यांच्या चाकात एक तार तुटली तर चाळीसावा भाग गेला. रिम थोडी लहरते आणि ब्रेकला घासते. ब्रेक जरा सैल केला की स्वार पुढच्या गावापर्यंत पोहोचतो. बैलगाडीचा ढिला आरा आणि सायकलीची तुटलेली तार यांत येथे साम्य आहे. दोन्ही चाके ‘तुटूनही चालणारी’ आहेत.

दूरच्या प्रवासात याचे महत्त्व अधिक जाणवते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या तरुण पारशी सायकलस्वारांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परतले. इराण व मेसोपोटेमियाच्या ओसाड प्रदेशांतून, नकाशावर नीट रस्ता नसताना केलेल्या या प्रवासात यंत्राची काळजी प्रवाशालाच घ्यावी लागे. अशा वेळी हलकेपणापेक्षा सोशिकपणा मोलाचा ठरतो.

५. शर्यत, मदतीची मोटार आणि आऱ्यांची घट

आरे कमी करण्याची प्रेरणा शर्यतीतून आली. परंतु शर्यतीच्या सुरुवातीच्या काळात आरे फारसे कमी झाले नाहीत, ही बाब लक्षणीय आहे. १९१३ च्या ‘टूर दी फ्रान्स’ शर्यतीत तूरमाले खिंडीच्या उतारावर युजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलीचा चिमटा तुटला. स्पर्धकाने आपली सायकल स्वतःच दुरुस्त करावी असा नियम होता. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर घेऊन अनेक किलोमीटर चालत सेंत-मारी-दे-कांपां या गावी पोहोचले आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्यांनी चिमटा जोडला. भट्टीचा भाता एका मुलाने हलविला म्हणून त्यांना दंड झाला. अशा नियमांखाली, कच्च्या डोंगरी रस्त्यावर, कोणताही शहाणा स्पर्धक मोजके आरे असलेले चाक वापरणार नाही.

यानंतर तीन बदल झाले. पहिला धातूचा. लाकडी व पोलादी रिमच्या जागी १९३० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम आली, आणि पुढे गंजरोधक पोलादाच्या, मध्यभागी बारीक केलेल्या तारा आल्या. दुसरा रस्त्याचा. युरोपातील डोंगरी रस्ते डांबरी झाले. तिसरा बदल दुरुस्तीच्या व्यवस्थेचा आहे आणि त्याची नोंद तुलनेने कमी घेतली जाते. टुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३० मध्ये चाक क्षणात सोडविणारी दांडी तयार केली. स्वतःच दुरुस्ती करण्याचा नियम शिथिल झाला व संघाच्या मोटारी स्पर्धकांच्या मागे चालू लागल्या. १९७३ मध्ये ‘पॅरिस-नीस’ शर्यतीपासून माविक कंपनीने कोणत्याही संघाच्या स्पर्धकाला चाक बदलून देणारी तटस्थ मदत-मोटार सुरू केली. आता चाक रस्त्यावर दुरुस्त करायचे नव्हते. ते बदलायचे होते.

आऱ्यांची वेगवान घट यानंतर झाली. शर्यतीच्या चाकांत बराच काळ टिकलेली ३६ ही संख्या १९८० च्या दशकात ३२ व २८ वर आली. १९९० च्या दशकात रिम, हब आणि तारा एकत्र आखून कारखान्यातच तयार केलेले चाक बाजारात आले. १९९९ च्या माविक ‘क्सिरियम’ चाकात पुढे १८ आणि मागे २० आरे होते, आणि त्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेला सामूहिक प्रारंभाच्या शर्यतींच्या चाकांसाठी किमान आऱ्यांची अट घालावी लागली. ती संख्या होती बारा! आपल्या बैलगाडीच्या आऱ्यांएवढी.

या घटीचा लाभ नेमका किती? २ मिलिमीटर जाडीच्या २९ सेंटिमीटर लांब पोलादी तारेचे वजन सुमारे ७ ग्रॅम भरते. निपल धरून ८ ग्रॅम. दोन्ही चाकांना ३२ आरे म्हणजे ६४ तारा. त्याऐवजी २० व २४, म्हणजे ४४ तारा घेतल्या तर सुमारे १६० ग्रॅम वाचतात. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम धरले तर ही बचत एक हजारात दोन भाग इतकी आहे. दीड तासाच्या चढावर ती दहा-अकरा सेकंदांची होते. चाकाचे वजन फिरते असल्याने ते दुप्पट जाणवते, हे म्हणणे केवळ वेग वाढविताना खरे आहे. एकसारख्या गतीच्या चढावर चाकातील ग्रॅम आणि पाण्याच्या बाटलीतील ग्रॅम सारखेच.

कमी आऱ्यांचा खरा लाभ वाऱ्याशी संबंधित आहे. चाकाचा वरचा भाग सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो आणि प्रत्येक तार हवा कापते. ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या स्पर्धकाला हा फरक उपयोगी असतो. वीस-पंचवीसच्या वेगाने जाणाऱ्या स्वाराला तो जवळजवळ जाणवत नाही.

अलीकडे उलट दिशेचा एक बदलही झाला आहे. २०१८ पासून रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची मान्यता मिळाली. डिस्क ब्रेक हबवर लागतो. त्यामुळे थांबण्याचा सर्व पीळ तारांतून रिमपर्यंत जातो. परिणामी पुढच्या चाकालाही तिरप्या तारा आवश्यक झाल्या आणि दोन्ही चाकांना २४ आरे ही संख्या सर्रास दिसू लागली. आऱ्यांची संख्या सतत कमीच होत जाते, हा समज इतिहासाला धरून नाही. काम बदलले की संख्या बदलते.

६. नंदुरबारचा रस्ता आणि आऱ्यांची निवड

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. तापीकाठचा शहादा-तळोदा-नंदुरबार हा काळ्या मातीचा सपाट पट्टा आहे. उसाच्या आणि कापसाच्या हंगामात जड वाहनांनी रस्त्याच्या कडा तुटतात, पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली दिसेनासे होतात, आणि बांधावरील बाभळीचा काटा बारमाही असतो. उत्तरेकडे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याचे घाट आहेत. शहाद्याकडून तोरणमाळला जाताना मैदानापासून सुमारे हजार मीटरची चढाई होते. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाटही वळणांचा व तीव्र उताराचा आहे. हलक्या सायकलीच्या स्वाराला हे रस्ते मोह घालणारे आहेत यात शंका नाही.

अशा स्वाराने चाक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. माझे वजन व सामान किती? रस्ता कसा? आणि तार तुटली तर पुढे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सायकलीच्या जाहिरातपत्रकात काही प्रमाणात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर तेथे नसते, कारण पत्रक लिहिणाऱ्याच्या मनात मागे येणारी मोटार किंवा जवळचे दुकान गृहीत असते. चांदसैलीच्या उतारावर १८ आऱ्यांच्या चाकातील एक तार तुटली तर रिम इतकी वाकू शकते की ती ब्रेकला किंवा चौकटीला अडकते. विशिष्ट लांबीची, सरळ मानेची, त्याच कंपनीची तार धडगाव किंवा तळोद्याच्या दुकानात मिळण्याची शक्यता कमीच. स्वाराला सायकल हातात धरून चालावे लागेल. क्रिस्तोफ चालले, त्यांना निदान पायथ्याशी लोहाराची भट्टी मिळाली.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष काढता येतात. साठ किलोग्रॅमच्या आतील, सामान न घेणाऱ्या आणि मैदानी डांबरी रस्त्यावर स्पर्धेचा सराव करणाऱ्या तरुणाला २४ व २८ आरे पुरतील. सत्तर-ऐंशी किलोग्रॅमच्या स्वाराने घाटासाठी पुढे २८ व मागे ३२, किंवा दोन्हीकडे ३२ आरे, प्रत्येक तार तीन तारांना छेदेल अशा पद्धतीने भरून घ्यावेत. मागे सामान बांधून दूरच्या प्रवासाला जाणाऱ्याने मागच्या चाकाला ३६ आरे घेण्यात कमीपणा मानू नये. साध्या वाकड्या मानेच्या तारा निवडाव्यात आणि योग्य लांबीच्या दोन-तीन तारा चौकटीला बांधून सोबत ठेवाव्यात. यासाठी मोजावे लागणारे मोल शंभर-दीडशे ग्रॅम, म्हणजे तोरणमाळच्या चढावर काही सेकंद, एवढेच आहे.

परंतु हा प्रश्न केवळ हौशी सायकलपटूंचा नाही. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्याच्या मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना २०११-१२ पासून सायकली देण्यात येतात आणि नंदुरबार जिल्हाही या कार्यक्रमात आहे. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे अशा सायकलीची प्रत्येक तार वर्षाला साडेनऊ लाख हेलकावे खाऊ शकते. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात व सैल होतात. तेव्हा एकदा आउट काढून ताण सारखा करणे आवश्यक असते. हे काम वेळेवर झाले नाही तर तारा एकामागून एक तुटतात, रिम वाकते आणि सायकल घराच्या पडवीत उभी राहते. तिच्याबरोबर शाळाही थांबू शकते. सायकल देताना तिच्या चाकात किती आरे आहेत हे महत्त्वाचे आहे. ते आरे आवळणारा हात किती अंतरावर आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

दुर्दैवाने तो हात विरळ होत चालला आहे. मोटारसायकलींच्या वाढीबरोबर सायकल दुरुस्तीची अनेक दुकाने पंक्चरच्या किंवा मोटारसायकलींच्या कामाकडे वळली. यंत्राने भरलेली चाके स्वस्त मिळू लागल्याने तारा भरण्याचे कसब शिकण्याची निकडही उरली नाही. बैलगाडीच्या चाकाचा सुतार ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने हा कारागीरही जात आहे.

७. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) आऱ्यांची ‘योग्य’ संख्या ही स्थिर नसते. गाडीचे बारा, साध्या सायकलीचे बत्तीस व चाळीस आणि शर्यतीचे अठरा व वीस या तिन्ही संख्या आपापल्या रस्त्याला, भाराला आणि दुरुस्तीच्या व्यवस्थेला अनुरूप होत्या.

(२) शर्यतीच्या चाकातील आऱ्यांची घट केवळ धातुशास्त्राच्या प्रगतीने झाली असे नाही. चांगले रस्ते आणि मागे येणारी मदतीची मोटार यांचाही त्यात वाटा आहे. जेथे या दोन गोष्टी नाहीत, तेथे त्या चाकाचे अनुकरण करणे म्हणजे अर्धीच व्यवस्था उसनी घेणे होय.

(३) नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हलकी सायकल अवश्य यावी. परंतु तिचे चाक एक तार तुटल्यावरही घरी आणणारे असावे.

(४) मुलींना सायकल देण्याच्या योजनेला तारा आवळण्याच्या साध्या प्रशिक्षणाची जोड द्यावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, शाळेतील कार्यानुभवाचा तास किंवा महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना यांमार्फत हे शक्य आहे. एक चावी, काही तारा आणि दोन दिवसांचा सराव एवढीच त्याची गरज आहे.

(५) तालुक्याच्या गावांतील जुन्या सायकल कारागिरांचे कसब, त्यांचे शब्द आणि त्यांच्या पद्धती यांची नोंद घेण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घ्यावे. राजवंशांच्या आणि चळवळींच्या इतिहासाइतकाच हा सामान्यांच्या हालचालीचा इतिहास आहे, आणि त्याचे साक्षीदार फार काळ आपल्यासोबत असणार नाहीत.

चाकाचे वजन तराजूवर मोजता येते. चाक मोडल्यावर किती चालावे लागेल, हे मात्र त्या त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाच ठाऊक असते. आऱ्यांची संख्या ठरविताना त्यांचे मत प्रथम विचारले पाहिजे.